लक्ष कुठे होतं?

माझ्या मुलीचं डोकं आजवर जितक्या वेळा आपटलं, त्यातल्या बहुतेक वेळा तिला सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. बायको बँकेत, मी घरून काम करणारा, आणि आई गुडघ्यांमुळे नातीच्या मागे धावू न शकणारी. तेव्हा हिशोब माझ्या विरोधात जाणारच, अशी मी बरेच दिवस स्वतःची समजूत घालत होतो. शिवाय मूल पडणं हा काही गुन्हा नव्हे. तान्ह्या मुलाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं. जन्मतः लांबीचा चौथा हिस्सा डोक्याचाच, मोठ्या माणसात तो आठवा होतो. मान कोवळी, तोल कच्चा, आणि पडताना हात पुढे टेकवायचं अंगवळणी पडलेलं नसतं. जमिनीला आधी लागतं ते डोकंच. माझ्या चुका तिच्या पडण्यात कमी, पडल्यानंतर जास्त झाल्या. त्यातली सगळ्यात मोठी तर डॉक्टरांसमोर खुर्चीत बसून, पूर्ण विचाराने केली.

पहिलं मोठं पडणं दिवाणावरून झालं. मनू तेव्हा पालथी होऊन पोटावर सरकायला लागली होती. मी तिच्या दोन्ही बाजूंना उशा आणि लोड लावले आणि फोनवर बोलत खिडकीशी गेलो. उशीने मूल अडतं ही माझी समजूत होती. प्रत्यक्षात ती उशीवर चढली आणि दिवाणाच्या उंचीत उशीची उंची मिळवून खाली आली. धप्प असा आवाज आणि लगोलग टाहो.

तो लगेचचा टाहो ही चांगली खूण असते, हे मला नंतर कळलं. मूल तत्क्षणी रडलं याचा अर्थ शुद्ध हरपली नव्हती. त्या वेळी मात्र मी झडप घालून तिला उचललं आणि छातीशी धरून गदागदा हलवलं. का, तर ती माझ्याकडे बघते का ते मला पाहायचं होतं. तान्ह्या मुलाला असं हलवणं पडण्याइतकंच, कधीकधी पडण्याहून वाईट. जड डोकं कोवळ्या मानेवर मागेपुढे झटके खातं, आत मेंदूही हिसके खातो आणि त्याच्यावरच्या बारीक शिरा तुटू शकतात. एक क्षण थांबायचं, ती हातपाय हलवते का, डोळे उघडे आहेत का, कुठून रक्त येतंय का हे बघायचं आणि मग मानेखाली हात घालून उचलायचं, एवढंच खरं तर करायचं होतं. मूल शुद्धीवर नसेल किंवा मानेला मार बसल्याची शंका असेल, तर उचलायचंही नाही. मान सरळ ठेवून १०८ला फोन करायचा. मी त्याऐवजी दिवाणाला चापट मारली आणि म्हणालो, "हात रे दिवाणा!" तेवढी एकच गोष्ट त्या दिवशी निरुपद्रवी होती.

दोन मिनिटांत कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं. आईने देवघरातली पितळी वाटी आणली, पालथी घातली आणि टेंगूळ आत बसवायच्या निर्धाराने दाबली. वाटीचा गारवा बरोबर होता, दाब चुकीचा. टेंगूळ म्हणजे कातडीखाली साकळलेलं रक्त. कपाळावर कातडीच्या लगेच खाली हाड असल्यामुळे त्याला पसरायला जागा नसते, म्हणून ते वर येतं. ते दाबून आत जात नाही. फडक्यात बर्फ गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं हलक्या हाताने धरला की पुरे. वाटीने काम झालं नाही म्हणून आईने हळद-चुन्याचा लेप घातला. पुढे डॉक्टरांना आधी तो लेप धुवावा लागला, कारण खालची कातडी लाल आहे की काळीनिळी, हे दिसतच नव्हतं. भर म्हणून मी कपाटातलं तापाचं उरलेलं सिरप तिला पाजलं होतं. त्यात पॅरासिटामॉलच्या जोडीला आयब्युप्रोफेन होतं. डोक्याला मार लागल्यावर लगेच आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन द्यायचं नसतं, कारण आत रक्त येत असेल तर ते वाढू शकतं. दुखतच असेल तर नुसतं पॅरासिटामॉल, तेही मुलाच्या वजनाप्रमाणे, डॉक्टरांना विचारून. बाटलीवर काय लिहिलंय ते मी त्याआधी कधी वाचलंच नव्हतं.

आणि झोपू दिलं नाही! डोक्याला लागलं की झोपू द्यायचं नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना पाठ. तिची दुपारच्या झोपेची वेळ होती. रडून दमलेली, डोळे मिटत होते. आम्ही तोंडावर पाण्याचे हबके मारले, खुळखुळा वाजवला, गॅलरीत नेऊन कावळे दाखवले. तासाभराने ती इतकी चिडचिडी झाली की काही केल्या गप्प होईना. मग आईचं म्हणणं पडलं, बघ, मेंदूला लागलंय, म्हणूनच अशी करतेय. ज्या लक्षणाची भीती होती ते आम्हीच तयार केलं होतं. झोपेने इजा वाढत नाही. भीती असते ती झोप आणि बेशुद्धी यांत गफलत होण्याची. मूल पडल्यानंतर नीट वागत असेल आणि त्याची झोपेची वेळ असेल, तर त्याला झोपू द्यायचं. मधून हलकेच उठवून बघायचं की ते कुरकुरतं का, हात झटकतं का, ओळखीच्या आवाजाकडे वळतं का. तसं करत असेल तर पुन्हा झोपू द्यायचं. हाका मारूनही उठत नसेल, तर मात्र दवाखाना.

त्या संध्याकाळी मी डॉक्टरबाईंकडे सीटी स्कॅनचा हट्ट धरला. त्यांनी मनूला तपासलं, टाळूवरून बोट फिरवलं (वर्ष-दीड वर्षापर्यंत ती भरून आलेली नसते, मूल रडत नसताना ती फुगलेली दिसली तर डोक्यात दाब वाढल्याची शंका घेतात), तिच्या हातात चमचा देऊन बघितला आणि म्हणाल्या, स्कॅन नको. मी म्हणालो, पैशाचा प्रश्न नाही. माझ्या मूर्ख वाक्यांत हे फार वरचं. त्यांनी शांतपणे सांगितलं की स्कॅनचा किरणोत्सर्ग वाढत्या मेंदूला फुकट मिळत नाही. २०१२ साली 'लॅन्सेट'मध्ये ब्रिटनमधल्या मुलांचा मोठा अभ्यास आला होता. त्याचा अंदाज असा की दहा वर्षांखालच्या दहा हजार मुलांचे डोक्याचे स्कॅन केले, तर पुढच्या दहा वर्षांत रक्ताच्या कर्करोगाचा एक आणि मेंदूच्या गाठीचा एक जादा रुग्ण त्यांच्यात निघतो. धोका लहान आहे. पण ज्याचा फायदा शून्य, त्यासाठी तो तरी का घ्यायचा? शिवाय एवढ्या लहान मुलाला यंत्रात स्थिर ठेवायला बऱ्याचदा गुंगीचं औषध द्यावं लागतं. मला स्कॅन मनूसाठी हवा नव्हता. घरी जाऊन दाखवायला एक कागद हवा होता.

कारण घरी एक प्रश्न थांबलेला होता. बायकोने दारातच विचारला, "तुझं लक्ष कुठे होतं?" आईनेही विचारला, म्हणजे ती स्वतः शेजारच्या खोलीत असूनही. सोलापूरहून सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर टेंगूळ बघितलं आणि जावयाला सरळ विचारता येत नाही म्हणून मुलीला विचारलं, "ह्यांचं लक्ष नव्हतं का गं?" खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात विचारलं. त्या प्रश्नाला उत्तर नसतं. "फोनवर होतं" म्हटलं तर गुन्हा कबूल, "तिथेच होतं" म्हटलं तर मग पडली कशी? मूल कसं पडलं, किती उंचीवरून, कशावर, पडल्यावर काय केलं, हे एकाही माणसाने विचारलं नाही. टेंगूळ काळंनिळं होऊन पिवळं पडेपर्यंत तो प्रश्न आमच्या घरात फिरत राहिला. पुढच्या वेळी काय करायचं ते मी बहुधा तेव्हाच ठरवलं असावं, नकळत.

मधल्या काळात एक वॉकरही येऊन गेला. मामाने वाढदिवसाला दिलेला, वर गाणी वाजवणारी बटणं असलेला. मनू त्यात बसून दारापर्यंत इतक्या वेगाने गेली की जिन्याच्या पहिल्या पायरीवर मी तिला दांडीला धरून रोखलं. कॅनडाने २००४ साली या वस्तूच्या विक्रीवर बंदीच घातली. अमेरिकेत १९९० ते २०१४ या काळात पंधरा महिन्यांखालची दोन लाख तीस हजारांवर मुलं वॉकरच्या अपघातांमुळे आपत्कालीन विभागांत आली. दहातल्या नवांना डोक्याला किंवा मानेला मार होता, आणि बरीचशी जिन्यावरून गडगडलेली. आपल्याकडे तो अजून अहेरात येतो. आम्ही मामाला न सांगता तो माळ्यावर टाकला.

आता ओटा.

मनू दीड वर्षाची झाली होती. दुपारी दूध तापवताना मी तिला ओट्यावर बसवायचो, एक हात तिच्या मांडीवर ठेवून. रोजचंच झालं होतं. त्या दिवशी दूध वर आलं आणि मी गॅसकडे वळलो. तेवढ्यात ती साखरेचा डबा घ्यायला उभी राहिली. आमचा ओटा तीन फुटांच्या आसपास, वर ती उभी. पडताना कानाच्या वरची बाजू ट्रॉलीच्या हँडलला लागली आणि मग ती फरशीवर आली. या वेळी रडणं लगेच आलं नाही. आलं, पण मधे काही वेळ गेला. किती, ते मला आजही सांगता येत नाही.

बर्फ धरला. ती शांत झाली, दूध प्यायली, मग झोपली. बायको सहाला आली तेव्हा ती नुकतीच उठली होती. बायकोने केसांतून हात फिरवला आणि थबकली. "हे काय?" मी म्हणालो, "झोपून उठल्यावर दिसलं मला. चटईवर खेळताना कलंडली असेल." वाक्य तयारच होतं. मला ते बनवावं लागलं नाही, याचं मला तेव्हाही आश्चर्य वाटलं.

थोड्या वेळाने मनूने उलटी केली. लहान मुलं नुसत्या रडण्यानेही एखादी उलटी करतात. पण तिने पुन्हा केली आणि आम्ही रुग्णालयात गेलो. डॉक्टरबाई दुसऱ्या होत्या. त्यांनी सुजेवर दोन बोटं ठेवली आणि बराच वेळ उचलली नाहीत. सूज कपाळावरच्या टेंगळासारखी टणक नव्हती, पिलपिलीत होती. मग प्रश्न सुरू झाले. किती उंचीवरून? कशावर? कोणी पाहिलं? लगेच रडली का? किती वाजता? मधे जास्त झोपाळली का? मी चटई सांगितली. त्यांनी ती लिहून घेतली. बायकोला त्यांनी केसपेपर करायला काउंटरवर पाठवलं, दार लोटलं आणि म्हणाल्या, "चटईवर बसलेलं मूल कलंडून इथे एवढी सूज सहसा येत नाही. मला पुन्हा एकदा सांगता का?"

त्यांच्या नजरेत राग नव्हता. पण ज्या नजरेने त्या माझ्याकडे बघत होत्या, तिचा अर्थ मला काही क्षणांत उमगला. सांगितलेली हकिगत आणि दिसणारी इजा जुळत नसेल, किंवा हकिगत दर वेळी बदलत असेल, तर मुलाला कोणी मारलं तर नाही ना, हा विचार डॉक्टरांना करावाच लागतो. मी निष्काळजी ठरू नये म्हणून खोटं बोललो होतो आणि आता त्याहून भयंकर काहीतरी ठरण्याच्या बेतात होतो. मी ओटा सांगितला. दूध, डबा, हँडल, सगळं. त्यांनी चटईची ओळ खोडली, शेजारी वेळ घालून सही केली आणि नवीन ओळ लिहिली. तो खोडलेला कागद आमच्या फाइलमध्ये आहे.

"रडायच्या आधी किती वेळ गप्प होती? पाच सेकंदांहून जास्त?"

मला उत्तर देता आलं नाही. दुपारभर मी ती घटना विसरायच्या मागे होतो.

पाच सेकंदच का, हे मी पुढे वाचलं. अमेरिकेतल्या पंचवीस आपत्कालीन विभागांनी मिळून डोक्याला मार लागलेल्या, पण शुद्धीत असलेल्या ४२,४१२ मुलांची पाहणी केली आणि २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये ती छापली. त्यातल्या ३७६ मुलांनाच मेंदूची गंभीर इजा होती, म्हणजे शंभरात एकही नाही. प्रश्न होता तो एक ओळखायचा कसा. दोन वर्षांखालच्या मुलांसाठी त्यांनी सहा गोष्टी काढल्या: मूल सुस्त किंवा भान हरपल्यासारखं आहे का, कपाळ सोडून डोक्यावर इतरत्र सूज आहे का, पाच सेकंद किंवा त्याहून जास्त शुद्ध गेली होती का, मार जोराचा होता का, म्हणजे तीन फुटांहून अधिक उंचीवरून वगैरे, कवटीचं हाड मोडल्यासारखं हाताला लागतंय का, आणि आई-वडिलांना मूल नेहमीपेक्षा वेगळं वाटतंय का. सहाही नसतील तर धोका नगण्य, स्कॅनची गरज नाही. मी ही यादी वाचत असताना माझ्या लक्षात आलं की सहातल्या तीन गोष्टी डॉक्टर तपासून काढूच शकत नाहीत. शुद्ध गेली होती का, पडली कुठून, आणि नेहमीसारखी आहे का, हे घरच्यांनीच सांगायचं असतं. दिवाणाच्या वेळी सहापैकी एकही गोष्ट नव्हती आणि मी स्कॅनसाठी भांडलो. ओट्याच्या वेळी निदान एक नक्की होती, आणखी दोन असू शकत होत्या, आणि मी चटई अंथरली.

स्कॅन झाला. कानाच्या वर कवटीला केसासारखी बारीक चीर होती, आत रक्तस्राव नव्हता. अशी चीर आपोआप भरून येते, तशी ती पुढच्या काही महिन्यांत आली. पण रात्रभर ठेवून घेतलं. डॉक्टरबाईंनी कारण सांगितलं: डोक्याच्या या बाजूला हाड पातळ असतं आणि त्याच्या आतून एक रोहिणी जाते. हाडाला चीर पडताना ती फाटली तर रक्त हाड आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये साठत जातं. असं मूल सुरुवातीचे काही तास अगदी ठीक दिसू शकतं, खेळतं, खातं आणि मग मलूल होतं. म्हणून पडल्याची नेमकी वेळ त्यांना हवी असते. मी ती दोन तासांनी पुढे ढकलली होती.

रात्री सिस्टर ठरावीक वेळाने टॉर्च घेऊन यायच्या. दोन्ही बाहुल्या सारख्याच लहान होतात का बघायच्या, गालाला हात लावून हाक मारायच्या. मनू दर वेळी त्यांचा हात झटकून आईच्या कुशीत शिरायची आणि त्या म्हणायच्या, "अशीच चिडू दे." सकाळी घरी सोडताना कशासाठी परत यायचं ते त्यांनी तोंडपाठ सांगितलं: पुन्हापुन्हा उलट्या, झटके, नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखं काही, डोळ्यांभोवती किंवा कानामागे काळंनिळं, एक हात किंवा पाय कमी हलणं, चालताना झोक जाणं, काही केल्या न थांबणारं रडणं. यातलं काहीही झालं तर फोन करत बसू नका, सरळ या. आणि तीन महिन्यांच्या आतलं मूल डोक्यावर पडलं, तर काहीच दिसत नसलं तरी दाखवून घ्या. हे शेवटचं आमच्यासाठी नव्हतं, पण त्या सगळ्यांनाच सांगत असाव्यात.

बायको परतताना रिक्षात बोलली नाही. घरी आल्यावर मनूला आईकडे दिलं आणि म्हणाली, "पडली त्याचं मला काही नाही. माझ्याही हातून पडली असती. पण उलट्या झाल्या नसत्या तर मी तिला रात्री शांतपणे झोपवलं असतं, तुझ्या चटईवर विश्वास ठेवून." मी तिला तिच्या त्या जुन्या प्रश्नाची आठवण करून द्यायच्या बेतात होतो. दिली नाही, एवढं शहाणपण मी दाखवलं. तिने स्वतःच तो विषय काढला, पण कितीतरी महिन्यांनी.

त्यानंतर घरात असं ठरलं की मूल पडल्यावर जो जवळ असेल त्याने कुठून, कशावर, किती वाजता, लगेच रडलं का, एवढं मोठ्याने सांगायचं आणि बाकीच्यांनी दुसरं काही विचारायचं नाही. बायकोला ते लवकर जमलं. आईला जमेल असं मला वाटलं नव्हतं.

मनू तीन वर्षांची असताना आम्ही साताऱ्याला मावशीकडे गेलो होतो. जुनं घर, उंच दगडी पायऱ्या. मी परसात होतो. आईची हाक आली, "दुसऱ्या पायरीवरून, कपाळावर, लगेच रडली!" मी धावत आत गेलो. आईने तिला मांडीवर घेतलं होतं, मानेखाली हात होता. लेप नाही, वाटी नाही. मावशी फ्रीजमधून बर्फ आणत होती. कपाळाला साधं टेंगूळ, मुलगी पायरीची तक्रार सांगत होती. सगळं जसं ठरलं होतं तसं चाललं होतं.

आणि मी म्हणालो, "आई, तुझं लक्ष कुठे होतं?"

आईने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी लगेच "म्हणजे तसं नाही" वगैरे सुरू केलं. ती म्हणाली, "बर्फ वितळतोय. फडकं दे आधी."

मी फडकं शोधायला गेलो आणि टॉवेल घेऊन आलो, तोही ओला.